त्रास असल्यास तपशील

ऐश्वर्यानं की-बोर्डवर बोटं वाजवली आणि करुणाची एकोणीस वर्षं एका शब्दात बसली. 'यापूर्वी घेतलेले प्रशिक्षण' असा रकाना होता. त्याच्यापुढं त्या पोरीनं लिहिलं, निरंक.

"निरंक म्हंजे?" करुणानं विचारलं. अर्थ तिला ठाऊक होता. ग्रामपंचायतीच्या कागदांवर तिनं तो शब्द पाहिला होता; स्वतःच्या नावापुढं मात्र पहिल्यांदाच पाहत होती.

"काही नाही म्हणजे, काकू. रिकामं सोडलं तर फॉर्म पुढं जात नाही. तुमचंच असं नाही, सगळ्यांचं असंच लिहिते मी."

दाताखाली खडा आल्यागत झालं. दुखत काही नाही, घास मात्र थांबतो. करुणा खुर्चीत जरा सरकून बसली. ऐश्वर्याचं ऑनलाईन सेंटर म्हणजे मोंढ्याच्या रस्त्यावरचं दहा बाय दहाचं दुकान. कूलरमधलं पाणी संपलेलं, त्यामुळं तो नुसताच गरम वारा फेकत होता, आणि त्या वाऱ्याला हळदीचा वास होता. बाहेर बाजाराला आलेल्या हळदीच्या गाड्या लागल्या होत्या आणि एप्रिलात हिंगोलीत कोणतंही फडताळ उघडा, आतून हळदच बाहेर येते. फॉर्मला फोटो लागतो म्हणून करुणा ठेवणीतली जांभळी साडी नेसून आली होती, निऱ्या चापूनचोपून. फोटो फक्त गळ्यापर्यंतचा असतो हे ऐश्वर्यानं तिला नंतर सांगितलं. चाळीस ओलांडलेल्या बाईला असल्या गोष्टी नंतरच सांगतात.

प्रकरण तसं सरळ होतं. गावात नवं नाट्यगृह उभं राहत होतं. जुन्या सभागृहात करुणा पाईकराव एकोणीस वर्षं दिवे सांभाळत आली होती, कार्यक्रम असेल त्या दिवशी, रोजावर. गॅदरिंग, जलसा, नाटक, सत्कार, कुणाच्या तरी पंचाहत्तरीची तुला, सगळ्यांवर उजेड पाडायचं काम तिचं. लोक तिला लाईटवाली बाई म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. पण जुनं सभागृह पावसाळ्याआधी पाडणार होते, आणि नव्या ठिकाणच्या तंत्रज्ञाच्या जागा कायमच्या होत्या, आणि कायमच्या जागेला प्रमाणपत्र लागत होतं. सरकारी योजनेत प्रशिक्षण फुकट मिळत होतं. कोर्स चार. एका आधारकार्डावर एकच, एकदा निवडला की बदल नाही, आणि पोर्टल आज संध्याकाळी पाचला बंद. आज चुकलं की उद्यापासून मंडपवाल्याकडं लग्नाच्या माळा सोडायच्या, त्या लुकलुकणाऱ्या. करुणाला लुकलुकणाऱ्या दिव्यांचा मनापासून राग होता. दिव्यानं एकदा काय ते ठरवावं, असं तिचं मत होतं.

स्वतःचं मात्र गेले आठ दिवस ठरत नव्हतं. ठरवणारे बाकीचे पुष्कळ होते. नवरा भीमराज, त्याचं वारंगा फाट्यावर टायरचं दुकान, तो म्हणाला होता, "कॉम्प्युटरवरच्या लाईटचा घे. बसून काम ऱ्हातंय. माझ्यावानी वाकावं लागत न्हाई." लेक सपना नांदेडला नर्सिंग शिकत होती. तिनं आवाजी मेसेज पाठवला, "आई, इव्हेंट मॅनेजमेंट कर, त्यात चांगले कपडे घालायला मिळतात." सभागृहाचा वॉचमन वसराम म्हणाला, वायरमनचा करा बाई, माझ्या घरची पण वायरिंग राहिलीय. प्रत्येकानं आपलं आपलं दुखणं तिच्या फॉर्मवर आणून ठेवलं होतं आणि तिनंही ते ऐकून घेतलं होतं, आल्यागेल्याला पाणी द्यावं तसं. चौथ्या कोर्सचं नाव कुणी काढलं नव्हतं. तो उंचीवरच्या कामाचा होता. रंगमंचाच्या वर दिवे टांगायचे, पट्टे बांधून चढायचं, वजनं तोलायची, सुरक्षा. तो कुणी सुचवायचा प्रश्नच नव्हता. करुणाला चक्कर येते, हे घरादारात सगळ्यांना माहीत होतं.

"कॉम्प्युटरवाल्याला वीस जागा आहेत आणि एकशे दहा अर्ज," ऐश्वर्या माऊस फिरवत म्हणाली. "इव्हेंटचं विचारू नका. वायरमनला दहावीचं मार्कशीट लागतंय."

"नववीपर्यंत हाय माझं."

"मग गेला तो. उंचीवरच्याला जिल्ह्यातनं चारच अर्ज आलेत, काकू. त्याची नव्या नाट्यगृहात वेगळी जागा आहे म्हणे. पण तुमचं..."

"व्हय. माझं ते हाय."

एकशे दहात वीस. करुणानं मनातल्या मनात ते एकशे दहा जण उभे केले. सगळे विशीतले, सगळ्यांच्या बोटांना बटनं फुटलेली. तिच्या बोटांना काय येत होतं? दोरी. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? तिला दिव्यांत आणलं ते औंढ्याच्या ग्यानोबामामांनी. तेव्हा आजच्यासारखी पेटी नव्हती की खटका सरकवला आणि दिवा मंद झाला. ग्यानोबामामांकडं चिनीमातीचा पाइप होता, ड्रेनेजला घालतात तसला, कोराकरकरीत. त्यात मिठाचं पाणी. तळाला एक पितळी पत्रा, दुसरा वरून दोरीला लोंबता. वरचा पत्रा जसजसा खाली सोडाल तसतसा स्टेजवरचा दिवा उजळत जाई. ओढून घ्याल तसा सूर्य मावळे. पुरुषमाणसं दोरी ओढायची ती विहिरीतून पोहरा काढल्यासारखी, सूर्य गचके खात बुडायचा आणि लोक हसायचे. करुणाच्या घरी तेव्हा सपना पाळण्यात होती. जलशातल्या बायांबरोबर गाणं म्हणायला आलेल्या करुणाच्या हातात मामांनी एकदा सहज दोरी दिली, आणि तिनं ती झोपत आलेल्या लेकराच्या पाळण्याची ओढावी तशी ओढली. सूर्य असा मावळला की स्टेजवरचा नट आपलं वाक्य विसरून त्याच्याकडं बघत राहिला. मामा म्हणाले, "तू गानं म्हनू नको. तुझा आवाज काही खास न्हाई. तू दोरी धर."

पाण्याचा मामांचा एक नियम होता. मीठ मोजायचं नाही. बादलीत कालवायचं, बोट बुडवून चाखायचं, मग पाइपात ओतायचं. वरणापेक्षा जास्त, लोणच्यापेक्षा कमी. त्या चवीवर दिव्याचं सगळं सुख अवलंबून. एकदा शिरड शहापूरला जयंतीच्या कार्यक्रमात करुणानं बादली चाखून, झाकून ठेवली आणि जेवायला गेली. आली, पाइप भरला, खटका टाकला, पत्रा पार तळाजवळ नेला, तरी दिवा विडीच्या टोकाएवढाच. पुन्हा पुन्हा दोरी हलवून बघितली. पहिल्या रांगेत नीलाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती सारखी नातीला म्हणत होती, पानी आन गं, पानी आन. शेवटी करुणानं खटका बंद केला, पाइपात बोट बुडवलं, चाखलं. "मामा, पानी अळनी हाय!" मामा म्हणाले, "कसं काय? जेवनातलं वरन तर खारट हाय." मग दोघं एकमेकांकडं बघत राहिले. आचाऱ्याचं मीठ संपलं होतं. कुणीतरी त्याला सांगितलं, तिकडं झाकून ठेवलेल्या बादलीत खारं पाणी हाय. त्यानं ते वरणात घातलं, आणि माणूस भला म्हणून बादली आडाच्या पाण्यानं परत भरून, पुन्हा झाकून ठेवली. त्या दिवशी सगळ्या गावानं करुणाचा सूर्य वरणात खाल्ला. आजही तिकडचं कुणी भेटलं की विचारतं, बाई, मीठ बराबर हाय ना?

ती स्वतःशीच हसली. ऐश्वर्यालाही उगाच हसू आलं, तिला वाटलं काकूंचं ठरलं.

"मग कॉम्प्युटरचाच टाकू? नशीब असेल तर लागेल नंबर."

"त्या चौथ्यात काय काय इचारलंय, दाखव."

"कशाला, काकू?"

"दाखव तर. बघायला आधारकार्ड लागतंय का?"

ऐश्वर्यानं पान खाली सरकवलं. वय, उंची, वजन, रक्तगट. आणि मग एक लांबलचक रकाना : उंचीवर काम करताना होणारा त्रास असल्यास तपशील.

"चक्कर लिहू?" पोरगी म्हणाली. तिची बोटं अक्षरांवर जाऊन बसलीसुद्धा होती.

"तपशील म्हंजे काय काय?"

"म्हणजे कधी आली, कुठं आली, किती वेळा."

कधी आली. करुणा आठवायला बसली. आपल्या घरात कुठलासा डबा आहे हे पक्कं माहीत असावं आणि फळीवर हात घालावा तर हाताला नुसती फळी लागावी, तसं होऊ लागलं. महाशिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेत आकाशपाळणा लागायचा. भीमराज आणि सपना वर जाऊन किंचाळायचे आणि करुणा खाली सगळ्यांच्या चपला धरून उभी राहायची. म्हणजे तिथं चक्कर आलीच नव्हती, ती येईल म्हणून चपला धरल्या होत्या. सभागृहात वर चढायचं काम वसरामचं. घराच्या पत्र्यावर ती दर उन्हाळ्यात पापड घालत होती. पाण्याच्या टाकीवर चढून, आत वाकून, ती घासून काढत होती. पण टाकी म्हणजे काही उंची नव्हे. टाकी म्हणजे काम. मग कधी? तिला बांबू दिसले. शिरड शहापूरचेच, त्याच दिवशीचे, दुपारचे. स्टेजचा सांगाडा उभा राहिला होता, वर एक दिवा बांधायचा राहिला होता, आणि बावीस वर्षांची करुणा साडीचा ओचा खोचून बांबूवर चढली होती. पायाच्या तळव्यांना तापलेल्या बांबूची गाठ लागत होती. वरून गाव दिसत होतं, कौलं, बाभळी, वाळत घातलेली धुणी. खालून कुणीतरी शिट्टी मारली. दुसरा म्हणाला, "पडदा वर गेला रे!" आणि हशा झाला. मग ग्यानोबामामांचा आवाज, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा : "उतर गं पोरी! तुला चक्कर येते ना!" ती उतरली होती. कान तापले होते, गुडघे थरथरत होते. ते थरथरणं तिला अजून आठवत होतं, आणि त्यालाच ती आजवर चक्कर म्हणत आली होती.

"थांब," ती म्हणाली. "लिहू नको."

तिनं फोन काढला. ग्यानोबामामा आता ऐंशीला टेकले होते, औंढ्याला देवळाच्या रस्त्यावर नारळाच्या दुकानात बसायचे. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून करुणाचं बोलणं सेंटरात झेरॉक्सला आलेल्या दोघांनीही ऐकलं.

"बोल बाई," मामा म्हणाले. "लाईट गेली का?"

"लाईट हाय, मामा. मला एक सांगा. मला चक्कर येते का?"

"आत्ता येऊन राहिली का? पानी पी. सावलीत बस."

"आत्ता न्हाई हो. उंचावर चढल्यावर."

"तुला? तुला काहून येईल? शिरडला तू बांबूवर अशी सरसर गेलीस, मी म्हनलं हे पोरगं मला घरी बसवतंय आता."

"मग तुमीच म्हनला होता ना, उतर, तुला चक्कर येते म्हनून?"

तिकडून घंटेचा आवाज आला, कुणीतरी नारळाचा भाव विचारला, मामांनी त्याला जरा थांबायला सांगितलं. "आसंन म्हनलो," ते हळूच म्हणाले. "खाली ते टारगट उभे व्हते. तुला उतर म्हनायला काहीतरी पायजे व्हतं. का बरं? तू ते अजून धरून बसलीस काय?"

"एकोनीस साल झाले, मामा."

"आरं तिच्या! दोन दिसानी इचारायचं ना मला. मी सांगितलं असतं ना, आता जा वर!"

करुणाला रागवावं असं वाटलं, पण राग येण्याआधी हसूच आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही. झेरॉक्सवाल्यांपैकी एकानं बिचाऱ्यानं कूलर तिच्याकडं वळवला. ती उठली. "फॉर्म उघडा ठेव. मी आलेच."

"काकू, सव्वाचार झालेत!"

"पाचला बंद ना? पाऊण तास हाय. तेवढ्यात नाटकाचा अख्खा अंक होतो."

सभागृह सेंटरपासून चार मिनिटांवर होतं. त्या चार मिनिटांत तिच्या मनात भलतंच काहीतरी येत राहिलं. मामांचं म्हणणं खरं असेल, पण एकोणीस वर्षं म्हणत राहिलं तर खोटी चक्करही अंगात मुरत असेल, लोणच्यागत. त्याचं काय? फॉर्मवर नाही लिहिलं आणि कोर्सच्या पहिल्याच दिवशी पट्टे बांधून गरगर फिरले तर? निवड बदलता येणार नव्हती. चाखून बघायला पाहिजे होतं. बादली भरलेली आहे एवढ्यावर भागत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

वसराम पायरीवर झाडू टेकवून बसला होता. "वसरामभाऊ, घोडी काढा," ती म्हणाली. उघडमिट करायच्या त्या उंच शिडीला तिथं सगळे घोडी म्हणायचे. वसरामनं ती स्टेजवर आणली, पाय फाकवून उभी केली आणि सवयीनं पहिल्या पायरीवर चढला.

"उतरा. मी जाते."

"बाई, तुमाला चक्कर येते."

"कुनी सांगितलं?"

"तुमीच की."

"मला बी दुसऱ्यानंच सांगितलं होतं. धरा घट्ट."

तिनं पदर कमरेला खोचला, निऱ्या वर घेतल्या, फोन कमरेला अडकवला. आज नेमकी साडी. त्या दिवशीही साडीच होती. तिनं खाली पाहिलं. वसरामनं शिडी दोन्ही हातांनी आवळून धरली होती आणि मान पार पलीकडं, रिकाम्या खुर्च्यांकडं वळवली होती, जणू तिकडं कुणाचं तरी भाषण चालू होतं आणि त्याला ते ऐकायचंच होतं. करुणा चढली. एक, दोन, तीन. पायऱ्यांचे गज थंड होते. चौथ्या-पाचव्याला छाती धडधडली, पण तशी ती सभागृहाच्या जिन्यातही धडधडायची, ते वयाचं होतं. आठव्या पायरीवर ती थांबली आणि चक्करची वाट बघू लागली, फाट्यावर उभं राहून एस्टीची बघावी तशी. आता येईल. लांबून आवाज तरी येईल. पत्र्याखाली कोंडलेला उन्हाळा अंगावर आला. पारव्यांच्या पिसांचा, धुळीचा, जळक्या रंगीत कागदाचा वास आला. घाम आला. चक्कर काही आली नाही. गुडघे थरथरताहेत का म्हणून तिनं लक्ष देऊन पाहिलं. ते आपले निवांत होते, दुसऱ्याच कुणा बाईचे असल्यासारखे.

ती आणखी दोन पायऱ्या चढली आणि दिवे टांगलेल्या आडव्या लोखंडी नळापाशी पोचली. एकोणीस वर्षं ज्यांच्याशी खालून बोलली ते दिवे तिला पाठमोरे भेटले. नळावर धुळीचा गालिचा होता, एक बॅडमिंटनचं फूल होतं, आणि दिव्यांच्या मधोमध नीट घडी घातलेली तंबाखूची पुडी.

"वसरामभाऊ, ही पुडी?"

वसरामनं मान आणखी पलीकडं वळवली. "राहू द्या बाई तिथंच. घरच्यांनी बंद केलीया."

म्हणजे हा गडी एकोणीस वर्षं एका हाकेत वर का चढत होता, ते आज कळलं. आणि चढून दिवा नेहमी घाईनं का फिरवत होता तेही. सात नंबरचा दिवा तिला स्टेजच्या बरोबर मध्यावर हवा असायचा. ती खालून ओरडायची, उजवीकडं, अजून, अजून थोडं. वसराम वरून म्हणायचा, बास झालं बाई. आणि उजेड दर वेळी एक वीत डावीकडं पडायचा. पुन्हा चढ म्हणायचा तिला संकोच वाटायचा. आपण चढत नाही तर दुसऱ्याला किती चढवायचं? म्हणून मग जिथं उजेड पडला तिथं तिनं खडूनं फुली मारली होती आणि प्रत्येक नटाला सांगत आली होती, दादा, इथं उभे ऱ्हावा. हिंगोलीतली नाटकं एकोणीस वर्षं एक वीत डावीकडं झाली. लोकांना वाटलं, शहरात अशीच करत असतील.

"शिडी सोडा आन् सातचा खटका टाका."

"सोडू?"

"सोडा."

त्यानं सोडली. करुणानं एक पाय गजात अडकवला. दिवा लागला. तिनं पदराचं टोक हाताला गुंडाळलं, गंजून बसलेला नट पिळला, आणि दिवा उजवीकडं वळवला. आस्ते, दोरी सोडावी तसा. उजेडाचं वर्तुळ खालच्या फळ्यांवरून निघालं, फुलीवरून सरकलं, एक वीत चाललं आणि जिथं जायला पाहिजे होतं तिथं जाऊन बसलं. तिनं नट आवळला. "आता उभे ऱ्हावा मधी."

वसराम सवयीनं फुलीवर जाऊन उभा राहिला. अर्धा अंधारात.

"फुलीवर न्हाई. उजेडात."

तो सरकला. उजेड त्याच्या पांढऱ्या मिशांवर पडला. त्यानं डोळे बारीक केले, मग शर्टाची कॉलर नीट केली, मग हात कुठं ठेवावेत ते न कळून पाठीमागं बांधले. कमरेचा फोन वाजला.

"काकू, पाचला सात मिनिटं कमी आहेत! त्या रकान्यात काय लिहू? चक्करच ना?"

करुणानं दहाव्या पायरीवरून खाली पाहिलं. खुर्च्या, फळ्या, फुली, आणि फुलीच्या एक वीत उजवीकडं, लख्ख उजेडात, फोटो काढायला उभा राहिल्यासारखा वसराम.

"निरंक लिही," ती म्हणाली.

"आं?"

"रिकामं सोडलं तर फॉर्म पुढं जात न्हाई ना? मग लिही, निरंक. चौथा कोर्स. दाब बटन."

खाली वसरामनं सगळं ऐकलं होतं. त्यानं पायातली चप्पल सरकवली आणि तिच्या टाचेनं ती जुनी फुली घासायला लागला. एकोणीस वर्षांचा खडू लाकडात मुरलेला होता, तो असातसा जाणार नव्हता. मग तो खाली वाकला, बोटाला थुंकी लावली, आणि वरून बाई काही म्हणते का याची वाट न बघता पुन्हा घासू लागला.